जुन्या फ्रेमवर कानस चालवू नये

१/
जुन्या पोलादी रेसिंग सायकलची नुसती फ्रेम हाती आली की पहिला प्रश्न सुट्या भागांचा उभा राहतो. चाके कोणती, क्रँक कोणता, ब्रेक कोणते? या प्रश्नावर जगभरच्या सायकलप्रेमींत दोन तट आहेत. एका तटाच्या मते फ्रेम ज्या वर्षाची, त्याच वर्षाच्या कॅटलॉगमधले भाग तिच्यावर शोभतात. दुसऱ्या तटाच्या मते भाग आजचेच हवेत. ते बसत नसतील तर फ्रेम ताणावी, घासावी, तिच्यात नवे आटे पाडावेत. पहिला तट इतिहासाला कॅटलॉगपुरता समजतो, दुसरा तो पुसून टाकतो. या दोहोंहून वेगळा एक मार्ग आहे आणि तोच इतिहासाला धरून आहे. (थ्रेड)

२/
चर्चा हवेत राहू नये म्हणून एक खरी सायकल समोर ठेवणे बरे. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची 'पीएक्स-१०' ही १९६० आणि ७० च्या दशकांतली प्रसिद्ध रेसिंग सायकल. एडी मेर्क्स १९६६ मध्ये मिलान–सान रेमो जिंकला तेव्हा प्यूजो संघात होता. बर्नार तेवने याने १९७५ आणि १९७७ ची टूर द फ्रान्स याच संघाकडून जिंकली. पीएक्स-१० ही त्या संघाच्या कीर्तीवर सामान्य ग्राहकाला विकली जाणारी सायकल. आज तिच्या रिकाम्या फ्रेम अनेक देशांत फिरत असतात आणि भाग निवडणाऱ्याची खरी परीक्षा याच फ्रेमवर होते. तिचे कारण तिच्या मापांत आहे.

३/
आधी नळ्या पाहू. पीएक्स-१० ची फ्रेम 'रेनॉल्ड्स ५३१' या पोलादाची. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकाशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. जोडाच्या ठिकाणी ताण अधिक, म्हणून तेथे धातू अधिक. मधल्या भागात ताण कमी, म्हणून तेथे वजन वाचवायचे, हा त्यामागचा विचार. १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनमयुक्त ५३१ आले. या पोलादाच्या रेसिंग नळीची भिंत टोकाशी साधारण ०.८ मिमी, तर मध्ये साधारण ०.५ मिमी असे. म्हणजे जुनी पोलादी फ्रेम दिसते तितकी दांडगी नसते. ती कवचासारखी पातळ असते. म्हणूनच ती हलकी असते आणि म्हणूनच चुकीच्या हाताने बिघडते.

४/
नळ्या इंग्लंडच्या, पण माप फ्रेंच. इंग्लिश आणि इटालियन फ्रेमची सीट-नळी बाहेरून २८.६ मिमी असे, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. पीएक्स-१० ची सीट-नळी मात्र २८.० मिमी. इंच सोडून मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या ग्राहकासाठी बर्मिंगहॅमच्या कारखान्याने वेगळ्या मापाच्या नळ्या ओढल्या. ०.६ मिमीच्या या फरकात दोन देशांमधल्या व्यापाराची हकिगत दडलेली आहे. इंग्लिश मापाचा पुढचा डेरेलर या नळीवर आवळला तर तो घसरतो. नळी आणि पट्टा यांच्यामध्ये पातळ पत्र्याची चकती दिली की तोच डेरेलर घट्ट बसतो. ज्याला फरकाचे कारण माहीत असते, तो नळी चेपेपर्यंत स्क्रू आवळत नाही.

५/
खरी गुंतागुंत आट्यांची. क्रँकचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये आतून आटे पाडलेले असतात. इंग्लिश माप: व्यास १.३७० इंच, एका इंचात २४ आटे, शेलची रुंदी ६८ मिमी. फ्रेंच माप: व्यास ३५ मिमी, दर १ मिमीला एक आटा, रुंदी ६८ मिमी. इटालियन माप सर्वांत मजेचे: व्यास ३६ मिमी, पण आटे इंचाला २४, आणि रुंदी ७० मिमी. फ्रान्सने क्रांतीच्या धामधुमीत, १७९५ मध्ये दशमान मापांचा कायदा केला. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये एकसारख्या आट्यांची कल्पना मांडली, ती इंचात. इटालियन सायकलीत मात्र दोन्ही परंपरा एकाच शेलमध्ये नांदताना दिसतात.

६/
आट्यांची दिशाही वेगळी. उजव्या बाजूने पाहिले तर पेडल मारताना आस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. पण छऱ्यांवरचा भार फिरत राहिल्यामुळे बाहेरची वाटी हळूहळू उलट दिशेने सरकू पाहते. उजवीकडे सरळ आटे असतील तर ती याच सरकण्याने सैल होते. इंग्लिश मापाने उजवीकडे उलटे आटे देऊन हा दोष मिटवला. फ्रेंच आणि इटालियन मापांत दोन्ही बाजूंना सरळ आटेच राहिले. स्विस माप फ्रेंचसारखेच, फक्त उजवीकडे उलटे आटे. आणि काही फ्रेंच फ्रेममध्ये हे स्विस मापही सापडते. म्हणून पीएक्स-१० ची वाटी काढताना पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

७/
आता नुकसान कसे होते ते पाहावे. इंग्लिश १.३७० इंच म्हणजे ३४.८ मिमी; फ्रेंच ३५ मिमी. फरक अवघा ०.२ मिमी. त्यामुळे इंग्लिश वाटी फ्रेंच शेलमध्ये शिरल्यासारखी वाटते. पण इंग्लिश आट्यांमधले अंतर १.०५८ मिमी आहे, फ्रेंच आट्यांमधले १ मिमी. दोन-तीन वेढ्यांनंतर वाटी अडते. येथे जोर लावला की शेलमधले मूळ आटे कापले जातात. मग कारागीर सुचवतो, शेल ३६ मिमीपर्यंत वाढवून इटालियन आटे पाडावेत. सायकल चालू होते. पण ती फ्रान्सची आहे हे सांगणारा तिच्या शरीरातला एक पुरावा कायमचा गेलेला असतो. उखडलेल्या आट्यांवर हा शेवटचा उपाय ठीक. शाबूत आट्यांवर तो गुन्हाच.

८/
अशा नुकसानीला कंटाळूनच पहिला तट उभा राहिला आणि त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. १९९७ मध्ये टस्कनीतल्या गायोले इन किआंती येथे जानकार्लो ब्रोची यांनी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. १९८७ पूर्वीची पोलादी सायकल, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, पायाला टो-क्लिप आणि पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलवरून उघड्या, अशी तिची ओळख. या चळवळीमुळे भंगारात जाणारे हजारो भाग वाचले आणि ते बसवण्याची विद्याही टिकली. गंमत अशी की लेरोइकाचा नियमसुद्धा एका काळाचा आहे, एका कॅटलॉगच्या एका पानाचा नाही.

९/
कॅटलॉग म्हणजे इतिहास नव्हे. विक्रीच्या दिवशी सायकल कशी होती एवढेच कॅटलॉग सांगतो. ती कशी चालवली गेली हे सांगत नाही. पीएक्स-१० वर कंपनीकडून सिंप्लेक्सचे डेरेलर, माफाकचे ब्रेक आणि स्ट्राँगलाइटचा क्रँक येई. सिंप्लेक्सच्या डेरेलरमध्ये डेलरिन नावाचे प्लॅस्टिक असे आणि ते वयोमानाने तडकते. असंख्य मालकांनी ते काढून काँपान्योलो किंवा जपानी सनटूर बसवले. सनटूरने १९६४ मध्ये तिरप्या चौकटीचा डेरेलर आणला होता. त्याची चेन मागच्या दात्यांजवळून चालते आणि गिअर नेमका पडतो. तेव्हा सनटूर लावलेली पीएक्स-१० 'अशुद्ध' कशी? ती तर तिच्या काळाची अगदी प्रामाणिक साक्षीदार आहे.

१०/
शुद्धतेच्या हट्टाला मोठी परंपरा आहे. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांना डेरेलर म्हणजे दुबळेपणाची कुबडी वाटे; टूरमध्ये व्यावसायिक संघांना तो १९३७ मध्येच मिळाला. पुढे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनेही काळ गोठवून पाहिला. मेर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किमी अंतर कापले होते. २००० मध्ये संघटनेने ठरवले की हा विक्रम त्याच धाटणीच्या सायकलवर मोडावा. ख्रिस बोर्डमनने ४९.४४१ किमी करून तो मोडला, अवघ्या १० मीटरने. २०१४ मध्ये तो नियम गेला. आणि मूळ सायकल? कोलनागोने बांधलेल्या त्या सायकलचे भाग वजन घटवण्यासाठी भोके पाडून पोखरलेले होते. ती कोणत्याच कॅटलॉगमध्ये नव्हती.

११/
दुसऱ्या तटाचे हत्यार म्हणजे ताणणे. मागच्या चाकाच्या हबची रुंदी दात्यांच्या चकत्यांबरोबर वाढत गेली. पाच चकत्यांच्या काळात १२० मिमी, सहा-सात चकत्यांसाठी १२६ मिमी, आठ आणि पुढे १३० मिमी. पोलाद लवचीक असल्यामुळे १२६ ची फ्रेम हाताने किंचित फाकवून १३० चा हब आत बसतो. प्रत्येक बाजूला २ मिमी, आणि चाक काढले की फ्रेम पूर्ववत होते. १२० वरून १३० वर जाणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे प्रत्येक बाजूला ५ मिमी कायमचा वाक द्यावा लागतो, मागची ड्रॉपआउट समांतर राहत नाहीत, ती पुन्हा सरळ करावी लागतात आणि सारा ताण जोडांच्या मुळाशी जातो.

१२/
हे टाळण्यासाठी फार काही सोडावे लागत नाही. १२० मिमीच्या हबवर पाच चकत्यांचे फ्रीव्हील येतेच. सनटूरने पाचांच्या जागेत सहा चकत्या बसवणारे अरुंद फ्रीव्हीलही काढले होते. घाट चढायचा असेल तर चकत्यांची संख्या वाढवण्यापेक्षा सर्वांत मोठी चकती आणखी मोठी घ्यावी आणि ती झेपेल असा डेरेलर निवडावा. जुन्या रेसिंग सायकलीचे गिअर तरुण, सरावलेल्या स्पर्धकांच्या पायांसाठी होते. आजच्या चालवणाऱ्याच्या गुडघ्यांनी ते सोसावेत असा इतिहासाचा आग्रह नाही. फ्रीव्हील उद्या काढता येते. वाकवलेला पोलादी दांडा मूळ जागी तसाच परतत नाही.

१३/
येथून निवडीचे सूत्र हाती येते. पीएक्स-१० च्या चिमट्याची नळी आतून २२.० मिमीच्या हँडल-दांड्यासाठी आहे. आज सहज मिळणारे दांडे २२.२ मिमीचे. दांडा शिरत नाही. उपाय दोन: चिमट्याची नळी आतून पोखरावी, किंवा नव्या दांड्याचा खालचा भाग पॉलिश पेपरने ०.२ मिमी घासावा. पहिल्या उपायात पन्नास वर्षांची, पुन्हा न मिळणारी वस्तू पातळ होते. दुसऱ्यात बाजारात कधीही मिळणारी. कानस चालवायचीच असेल तर जे पुन्हा मिळते त्याच्यावर चालवावी. फ्रेमने भागाशी जुळवून घ्यायचे नसते, भागाने फ्रेमशी जुळवून घ्यायचे असते.

१४/
या सूत्राची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे आणि तेथे हळवेपणाला जागा नाही. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते टिकते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. लहान ताणही हिशेबात जमा होत जातो आणि एके दिवशी तडा जातो. म्हणून जुनी फ्रेम तपासून वापरता येते, पण जुने ॲल्युमिनियमचे हँडल आणि हँडल-दांडा यांच्यावर जीव टाकणे शहाणपणाचे नाही. उतारावर हँडल तुटले तर सावरायला वेळच मिळत नाही. हे दोन भाग, ब्रेकचे रबर, केबल आणि टायर नवेच हवेत. जुने हँडल जपायचे असेल तर ते भिंतीवर जपावे.

१५/
ब्रेक आणि रिम यांची निवड एकत्र करावी. माफाकचे मध्यभागी ओढले जाणारे ब्रेक आजही चांगले काम करतात, मात्र रबर नवे हवे. पोलादी रिम ओली झाली की ब्रेकची पकड फार घटते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ती पुष्कळ टिकते. येथे 'जुने ते सोने' म्हणणे जिवाशी खेळ आहे. सत्तरच्या दशकातल्या अनेक पर्यटन सायकली २७ इंची चाकांच्या होत्या, म्हणजे रिमचा व्यास ६३० मिमी. त्यांवर आजचे ६२२ मिमीचे चाक लावले तर ब्रेकचे रबर प्रत्येक बाजूला ४ मिमी खाली आणावे लागते. आधी हे अंतर मोजावे, मग ब्रेक घ्यावा. पीएक्स-१० ची चाके मुळातच ७००सी मापाची, त्यामुळे तेथे हा अडसर येत नाही.

१६/
क्रँकच्या बाबतीत मात्र मूळ भाग राखण्याकडे कल असावा. स्ट्राँगलाइटने १९३० च्या दशकातच कॉटर पिन नसलेला, चौकोनी आसावर बसणारा ॲल्युमिनियमचा क्रँक आणला. तो स्वतःच सायकलच्या इतिहासातला टप्पा आहे. हातांच्या मुळाशी आणि पेडलच्या भोकाशी केसासारखा तडा नाही ना, हे भिंगाने पाहावे. असेल तर क्रँक निवृत्त करावा. तो काढताना एक सावधगिरी हवी. सर्वत्र मिळणारे ओढ-हत्यार २२ मिमीचे, स्ट्राँगलाइटचे आटे २३.३५ मिमीचे. चुकीचे हत्यार आत ढकलले की क्रँकचे आटे साफ होतात. पाच मिनिटे मोजमापाला दिली तर पन्नास वर्षांची वस्तू वाचते.

१७/
गिअरच्या दांड्यांचा प्रश्न सर्वांत सोपा. शिमानोने १९८० च्या दशकाच्या मध्यात टक्-टक् करत नेमका गिअर पाडणारी पद्धत आणली आणि त्या दिवसापासून दांडा, डेरेलर, चकत्या हे सारे एकाच घराण्याचे असणे भाग पडले. त्याआधीचा दांडा केवळ घर्षणावर चालतो. त्याला कोणाच्याही डेरेलरचे वावडे नाही. गिअर कानाने ऐकून आणि बोटाने ओळखून पाडायचा. म्हणून जुन्या फ्रेमवर घर्षणाचा दांडा लावणे ही स्मरणरंजनाची बाब नाही. तो दांडा फ्रेंच, इटालियन, जपानी अशा कोणत्याही देशाच्या भागांना एकत्र चालवतो आणि निवडीचे स्वातंत्र्य परत देतो.

१८/
इतिहासाच्या अभ्यासकाला यात काही ओळखीचे वाटेल. १९६४ मध्ये व्हेनिसमध्ये वास्तू-संवर्धनाची सनद तयार झाली. वास्तूवर निरनिराळ्या काळांनी जी भर घातली तिचा मान राखावा, आणि हरवलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रूपाशी मिळता असावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा, असे ती सांगते. हेच सायकलला लावून पाहावे. पूर्वीच्या मालकाने लावलेला सनटूर हा भर घातलेला काळ आहे. नवे हँडल हे ओळखू येणारे दुरुस्तीचे काम आहे. आणि बनावट जुने स्टिकर लावून, फ्रेम नव्याने रंगवून 'अगदी कारखान्यातून आली तशी' म्हणणे हा पुराव्यात केलेला फेरफार आहे.

१९/
यात भारताचा एक धागाही आहे. रेनॉल्ड्सची कंपनी १९२८ पासून ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या इंग्लिश उद्योगसमूहाकडे होती. त्याच समूहाने मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स काढली आणि हर्क्युलिस, बीएसए ही नावे गावोगावी पोहोचली. टूरमधली हलकी फ्रेम आणि दुधाच्या बरण्या वाहणारी काळी सायकल, दोन्हींच्या मागे एकच समूह होता. त्या काळ्या सायकलीचे छर्रे, चेन, कॉटर पिन, टायर पिढ्यान्‌पिढ्या बदलले. फ्रेम तीच राहिली. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने 'वर्ष जुळत नाही' म्हणून पेडल बदलायला कधी नकार दिला नाही, आणि पेडल बसत नाही म्हणून फ्रेमही कापली नाही.

२०/
तेव्हा रिकामी फ्रेम हाती आली की पैशांचे पाकीट शेवटी उघडावे. आधी व्हर्नियर कॅलिपर घ्यावा: शेलची रुंदी, आट्यांचे अंतर, मागची रुंदी, सीटपोस्टचे माप, ब्रेकच्या भोकापासून रिमपर्यंतचे अंतर. मग जे मूळ भाग सुरक्षित आहेत ते ठेवावेत. जे जिवाला धोका देतात ते नवे घ्यावेत. उरलेले त्या काळात लोक वापरत त्यांतून, आपल्या पायांना आणि रस्त्याला झेपतील असे निवडावेत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा. कारण या फ्रेमचा आजचा मालक शेवटचा नाही. पुढच्या मालकाला खोके उघडून सारे पूर्ववत करता आले पाहिजे, आणि शेलमध्ये बोट फिरवल्यावर ३५ मिमीचे ते फ्रेंच आटे जसेच्या तसे हाताला लागले पाहिजेत. (समाप्त)